हाई कथाईन उनं? चौथी-पाचवीच्या गणिताची उजळणी पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

मे महिन्यात आमच्याकडे सकाळी नऊनंतर ओट्यावर हात टेकवत नाही. त्यामुळे उजळणीची वेळ एकच, सात ते साडेआठ. अमळनेर तालुक्यातल्या माझ्या गावी दर उन्हाळ्यात तीन आठवडे मी ही उजळणी घेतो. शाळेत होतो तेव्हा घ्यायचो, निवृत्त झालो तरी सुटलेली नाही. यंदा गावातल्या दोन पोरी आल्या, एक डी.एड. झालेली, दुसरी नुकतीच बारावी दिलेली. म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या गल्लीतल्या पोरांची आम्ही घेतो, पण सुरुवात कुठून करू?" त्यांना सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. आई-वडील किंवा मोठा भाऊ-बहीण घरच्या एकाच पोराला घेऊन बसणार असतील, तरी हेच चालेल.

आधी माझी चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी उजळणी म्हणून पहिल्याच दिवशी ३० गणितांची चाचणी घेतली, लाल पेनाने तपासली आणि गुण मोठ्याने वाचून दाखवले. पहिल्या दिवशी २२ पोरं होती, दुसऱ्या दिवशी नऊ. उरलेली नदीवर गेली होती. आणि ज्यांच्यासाठी उजळणी काढली, तीच नेमकी नदीवर होती.

सामान काय लागतं

चौकटीची वही, पेन्सिल, आइसक्रीमच्या काड्या किंवा बाजरीच्या सरमाडाचे सारखे तुकडे, रबरबँड, काट्यांचं एक घड्याळ (बंद पडलेलं असलं तर जास्त बरं, काटे हाताने फिरवता येतात) आणि दुकानात मिळणाऱ्या खेळण्यातल्या नोटांचं एक पाकीट. एवढं पुरे. खोडरबर मात्र गोळा करून डब्यात ठेवा. पोराने चूक खोडली की ते कुठे अडकलं हे कळायचा एकमेव पुरावा गेला. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी पुन्हा करायचं, एवढा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका.

पहिला दिवस: आठ गणितं आणि एक प्रश्न

पुस्तक उघडू नका. कोऱ्या कागदावर ही आठ गणितं द्या. वेळ लावू नका, गुण देऊ नका.

१) चार हजार सात अंकात लिहा.
२) ५०३ − २६७
३) ३६ × २४
४) ६१८ ÷ ६
५) १/३ मोठा की १/४? आणि १/२ + १/३ किती?
६) ०.८ मोठा की ०.३५?
७) धुळ्याहून १०:४५ ला सुटलेली गाडी नंदुरबारला दुपारी १:२० ला पोचली. किती वेळ लागला?
८) ६० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद शेताला एकपदरी तार लावायची. किती मीटर लागेल?

कागद गोळा झाले की एकेका पोराला जवळ घ्या आणि प्रत्येक उत्तराला, बरोबर असो की चूक, एकच प्रश्न विचारा. आमच्याकडे मी अहिराणीतच विचारतो, "हाई कथाईन उनं?" म्हणजे हे कुठून आलं. फक्त चुकलेल्या उत्तरालाच विचारलंत तर पोरं दोन दिवसांत ओळखतात की गुरुजींनी विचारलं म्हणजे चुकलं, आणि लगेच उत्तर बदलतात. बरोबर उत्तरालाही विचारा. शेजारच्याच्या कागदावरून आलेलं बरोबर उत्तर तिथेच उघडं पडतं.

घरच्या बोलीत विचारण्याचं आणखी एक कारण आहे. धुळे-अमळनेर पट्ट्यात पोराची बोली अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी किंवा भिली. गणित येत असतं, मराठीत सांगता येत नाही, आणि आपण समजतो गणितच येत नाही. पावरी पोराने काड्या मांडून दाखवलं तर तेही उत्तरच धरा.

एक कागद जवळून बघू

मागच्या वर्षीचा एक पोऱ्या. दुसऱ्या गणितात त्याने लिहिलं होतं ५०३ − २६७ = ३६४. बऱ्याच जणांना हे नुसतं 'चूक' दिसेल. नीट बघा. एककात ३ वर, ७ खाली, त्याने ७ मधून ३ काढले, ४. दशकात ६ मधून ० काढला, ६. शतकात ५ मधून २, ३. म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचं, हा त्याचा पक्का नियम. तो निष्काळजी नव्हता, उलट फारच शिस्तीचा होता. कुणीतरी त्याला दुसरीत सांगितलेलं, "मोठ्यातून लहान काढायचं", आणि ते त्याने मनापासून धरलं.

शेजारच्या मुलीचं उत्तर २४६. तिची गोष्ट वेगळी. तिने एककासाठी शून्याकडून उसना घेतला, शून्याचे दहा केले, पण त्या दहातला एक एककाला दिल्यावर नऊ उरतात हे विसरली. दोघांनाही "वजाबाकी पुन्हा शिका" म्हणणं सारखंच निरुपयोगी. पोऱ्याला दोन अंकी वजाबाकीपर्यंत खाली न्यायला हवं होतं, मुलीला फक्त मधल्या शून्याची दहा गणितं हवी होती.

पोऱ्यासमोर मी पाचशेची एक नोट आणि एक-एक रुपयाची तीन नाणी ठेवली. म्हटलं, "मी दुकानदार, माझं बिल २६७." त्याने नोट पुढे केली. मी म्हटलं, "मला नेमकेच दे, माझ्याकडे परत द्यायला सुट्टे नाहीत." तो उठला, पाकिटातून पाचशेचे सुट्टे केले, चार शंभराच्या आणि दहा दहाच्या. सात रुपये द्यायला नाणी पुरेनात, म्हणून एका दहाचे दहा कलदार केले. आता समोर काय? चार शंभर, नऊ दहा, तेरा रुपये. त्यातून दोन शंभर, सहा दहा, सात रुपये गेले. उरले दोन शंभर, तीन दहा, सहा रुपये. तो स्वतःच्या कागदावरच्या ३६४ कडे बघून हसला.

त्या दिवसापासून मी 'उसना' शब्द सोडला. उसना म्हणजे परत करायची वस्तू, आणि वजाबाकीत तर कुणी परत करत नाही. एका हुशार मुलीने मला विचारलंही होतं, "गुरुजी, मंग फेडाना कवय?" म्हणजे मग फेडायचं कधी. सुट्टे करणं हा शब्द पोरांना दुकानातून माहीत असतो. पाठ्यपुस्तकातलं 'दशक सुटा करणे'ही त्याच अर्थाचं.

दुसरा-तिसरा दिवस: संख्या ऐकणे आणि लिहिणे

पाचवीत आलेल्या पोरालाही 'सत्तेचाळीस' सांगितलं तर ते कधीकधी ७४ लिहितं. दोष त्याचा नाही. आपण सात आधी बोलतो, चाळीस नंतर, आणि लिहितो उलटं. त्यात एकोणतीस, एकोणसाठ, म्हणजे तीस ऐकू येतं पण लिहायचं २९. बरं, सगळीकडे 'एकोण' चालवावं तर ९९ ला आपण नव्याण्णव म्हणतो. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या. मला स्वतःला ती पद्धत पायरी म्हणून उपयोगी वाटते. 'पन्नास सात, म्हणजे सत्तावन्न' असं दोन्ही एका दमात म्हणून घ्या. बाजारात शेवटी सत्तावन्नच ऐकू येणार, म्हणून जुनं नाव टाकू नका.

चार हजार सातचं ४०००७ झालं असेल तर वहीत चार घरं आखा, हजार, शतक, दशक, एकक. ज्या घरात कुणी नाही तिथे शून्य राखणीला बसतो. मग लाखापर्यंत न्या. आठ-दहा संख्या सांगा, त्यातल्या निम्म्यांत शून्य असू द्या.

चौथ्या दिवसापासून: पाढे, गुणाकार, भागाकार

पाढ्यांबद्दल माझं मत गावातल्या बऱ्याच जणांना पटत नाही. तिसापर्यंत पाढे पाठ हवेत असा आग्रह मी धरत नाही. दोन ते दहा झोपेतून उठवलं तरी आले पाहिजेत. त्यानंतर १२ (डझनासाठी), १५ आणि २५. बाकीचे आले तर छान. एकोणिसाचा पाढा घडाघड म्हणणारा पोरगा मी पाहिलाय, सात डझन केळी म्हणजे किती हे विचारल्यावर तो आकाशाकडे बघत बसला.

पाढा उलटा विचारायची सवय लावा. "५६ कुणाकुणाच्या पाढ्यात येतं?" सातच्या, आठच्या, दोनच्या, चारच्या, चौदाच्या. पुढे विभाजक आणि मूळ संख्या शिकवायच्या वेळी निम्मं काम झालेलं असतं. रोजची पाच मिनिटं यासाठी ठेवा, जास्त नकोत.

३६ × २४ चं उत्तर २१६ आलं असेल, तर पोराने १४४ च्या खाली ७२ सरळ लिहून बेरीज केली. दुसऱ्या ओळीत शून्य विसरलं म्हणून आपण सांगतो, "एक घर सोडून लिही". ते सांगू नका, कारण का सोडायचं हे त्याला कळत नाही. केळीचा मळा घ्या. २४ ओळी, प्रत्येक ओळीत ३६ खोडं. चार ओळींत १४४ खोडं. मग वीस ओळींत फक्त ७२? केळीच्या मुलखातलं, चोपड्याकडचं पोर असेल तर तिथेच डोक्याला हात लावतं. वीस ओळींत ७२०, एकूण ८६४.

तोंडी गुणाकार फोडून करायला शिकवा. कापूस वेचणीला किलोमागे आठ रुपये धरा, आईने ३७ किलो वेचला. आठ चाळीस ३२०, तीन किलो कमी म्हणून २४ वजा, २९६. हे ज्या पोरांना आपोआप येतं, त्यांना विचारा कुठे शिकलास. बहुतेक वेळा उत्तर 'वावरात' असतं.

६१८ ÷ ६ ला १३ हे उत्तर इतकं सर्रास येतं की ते आलं नाही तर मला चुकल्यासारखं होतं. बचत गटाच्या सहा बायांत ६१८ रुपये वाटायचे. नुसते सहाशे वाटले तरी प्रत्येकीला शंभर. मग तेरा कसे? आधी अंदाज, मग भागाकार, हा क्रम रोज पाळा. उभी मांडणी करताना एका दशकातून सहा जणींना दशक देता येत नाही, म्हणून तिथे शून्य. नंतर १८ सुट्टे, प्रत्येकीला तीन. १०३.

एखादं पोर इथे पारच अडलं तर किती खाली जायचं? पोरांना वाचन-गणित कितपत येतं हे बघणाऱ्या 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत गणिताच्या चार पायऱ्या असतात: १ ते ९ अंक ओळखणे, ११ ते ९९ संख्या ओळखणे, दोन अंकी वजाबाकी (सुट्टे करावे लागतील अशी), आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे. शेवटच्या पायरीपासून एकेक करत खाली या. जिथे पोर न अडखळता करतं, त्या पायरीवर एक दिवस थांबा, मग वर चढा. पाचवीच्या पोराला दोन अंकी वजाबाकी दिली म्हणून त्याची चेष्टा होऊ नये, यासाठी तेव्हा सगळ्यांना वेगवेगळे कागद द्या, कुणाच्या कागदावर काय आहे हे कुणाला कळत नाही.

दुसरा आठवडा: अपूर्णांक

इथे घाई करू नका, पूर्ण आठवडा द्या. १/२ + १/३ = २/५ लिहिणाऱ्याला नियम सांगण्याआधी विचारा, "अर्धी भाकरी खाल्ली, वर आणखी खाल्ली, मग २/५ अर्धीपेक्षा कमी कशी झाली?" हा धक्का बसला पाहिजे. मग सहा चौकटींची पट्टी आखा. अर्धी म्हणजे तीन चौकटी, तिसरा हिस्सा म्हणजे दोन, मिळून पाच, म्हणजे ५/६. समच्छेद हा शब्द त्यानंतर.

१/४ हा १/३ पेक्षा मोठा वाटतो कारण चार तीनपेक्षा मोठा. एका कळण्याच्या भाकरीचा चतकोर कराल तर तो तिघांत वाटलेल्या तुकड्यापेक्षा लहान, हे खरोखर भाकरी मोडून दाखवा. दाखवून झाल्यावर ठेच्याबरोबर संपवताही येते.

आपल्या भाषेकडे या विषयात मोठी पुंजी आहे, ती वापरली जात नाही याचं मला वाईट वाटतं. पाव, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. आधीच्या पिढ्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ केले. गावात असा एखादा आबा असेल तर एक सकाळ त्यांना बोलवा. "सात सव्वा किती, आबा?" विचारलं की पोराच्या पेन्सिलीआधी त्यांचं 'पावणेनऊ' येतं. मग पोरांना तपासायला सांगा: सात आणि सात पाव, म्हणजे सात आणि पावणेदोन, पावणेनऊ. आबांना हरवायला पोरं जिवाचं रान करतात.

भरताची वांगी ४० रुपये किलो धरा आणि बाजार भरवा. पाऊण किलो ३०, सव्वा किलो ५०, दीड ६०, पावणेदोन ७०, अडीच १००. तोंडी आलं की वहीत १ १/४, १ १/२, १ ३/४ असं लिहा, आणि त्याच्याच पुढे १.२५, १.५, १.७५. दशांश अपूर्णांक वेगळा धडा म्हणून न येता त्याच वांग्यांतून येतो.

०.८ आणि ०.३५ मध्ये ०.३५ मोठा म्हणणारी पोरं ३५ आणि ८ बघतात. आमच्या भागात यावर उत्तम औषध म्हणजे घरचा सातबारा. त्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहिलेलं असतं. १०० आर म्हणजे एक हेक्टर. शेवटचा चौरस मीटरचा आकडा बोटाने झाका, कारण त्या मांडणीत दोन टिंबं असतात आणि दोन टिंबांची दशांश संख्या नसते. समजा ०.८०.०० लिहिलंय, तर उरलं ०.८०, म्हणजे ८० आर, जवळपास दोन एकर. ०.३५ म्हणजे ३५ आर, एकराहूनही कमी. आता ०.८ म्हणजे ०.८० च ना? आणि तलाठ्याने चुकून ०.०८ लिहिलं तर? "मंग तं वावरच गयं!" असं एक पोऱ्या ओरडला होता. शून्याची जागा त्याच्याकडून पुन्हा कधी चुकली नाही.

तिसरा आठवडा: वेळ, मोजमाप, शाब्दिक गणितं

वेळेच्या गणितात २ तास ७५ मिनिटे हे उत्तर आलं असेल, तर पोराने १३.२० मधून १०.४५ वजा केलं आणि तासाचे सुट्टे शंभर मिनिटांत केले. त्याला उडी मारायला शिकवा. १०:४५ ते ११ पंधरा मिनिटं, ११ ते १ दोन तास, पुढे वीस मिनिटं. २ तास ३५ मिनिटं. बंद घड्याळाचे काटे फिरवत करा.

परिमिती आणि क्षेत्रफळ ओट्यावर न शिकवता खळ्यात दोरी घेऊन शिकवा. ६० बाय ४० च्या शेताला तार २०० मीटर, आणि आतली जागा २४०० चौरस मीटर, म्हणजे २४ आर. तार आणि जागा दोन्ही एकाच शेताची विचारली की गोंधळ लवकर मिटतो.

शाब्दिक गणितात पोरं 'एकूण' शब्द दिसला की बेरीज करून मोकळी होतात. त्यासाठी हे एक गणित मी दरवर्षी देतो. एसटीचं पूर्ण तिकीट ९० रुपये धरा. बाबा, आई, ७८ वर्षांचे आजोबा, दहा वर्षांची ताई आणि चार वर्षांचा लहाना. एकूण किती? बाबा ९०. आई ४५, बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. आजोबा ७५ च्या वरचे, त्यांना लागत नाही. ताईला ४५, लहान्याला नाही. १८० रुपये. इथे बेरीज सगळ्यात शेवटी येते, आधी वाचावं लागतं. उत्तराआधी "काय विचारलंय ते तुझ्या बोलीत सांग" असं म्हणा. सांगता आलं की निम्मं गणित सुटलं.

एका रविवारी जमलं तर चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला न्या. तिथल्या देवळातल्या शिलालेखात गणिती भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती आहे, आणि त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेव यांनी मठ काढला हेही त्यात कोरलेलं आहे. (तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव महाराज वेगळे, आमच्याकडे हमखास घोळ होतो.) तिथे बसून गणित घाला: भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ लिहिला छत्तिसाव्या वर्षी. शकात ७८ मिळवले की इसवी सन. जन्म १११४, ग्रंथ ११५०.

पाचवीच्या आई-वडिलांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "नवोदयची तयारी यातून होईल का?" नवोदयच्या प्रवेश परीक्षेत १०० पैकी २५ गुणांचे २० प्रश्न अंकगणिताचे असतात, पर्याय निवडायचे. पर्यायांची सवय शेवटच्या चार दिवसांत होते. आधीच पर्याय दिले तर पोर अंदाजाने टिक मारायला शिकतं आणि "हाई कथाईन उनं?" ला त्याच्याकडे उत्तर राहत नाही.

शेवटचा दिवस

पहिल्या दिवशीचीच आठ गणितं, आकडे बदलून. ५०३ च्या जागी ७०२ ठेवा, मधला शून्य तसाच राहू द्या. झाल्यावर दोन्ही कागद पोराच्या हातात द्या आणि जुन्या कागदावरच्या चुका त्यालाच शोधू द्या. तुम्ही बोलू नका. मग दोन्ही कागद एकत्र टाचून त्यावर दोन ओळी लिहा, पोर कुठे अडायचं आणि आता कुठवर आलं. जून उजाडला की तो कागद पोराबरोबर शाळेत, नव्या वर्गशिक्षकांकडे पाठवा.